टेलरबाईंच्या हिरव्या गोळ्या

टेलरबाईंचा हात मशीनवर चाले, त्याहून जास्त जीभ काउंटरमागे चाले. फळांच्या साली आणि कसल्याशा मुळ्यांपासून केलेल्या, वजन उतरवणाऱ्या हिरव्या गोळ्यांची एजन्सी त्यांनी घेतली होती. गोळ्यांनी तोंड कडू होई, बाकी काही होत नसे. गिऱ्हाइकं कुरकुरू लागली, तेव्हा बाईंनी डोकं लढवलं. चेन बदलायला आलेल्या ड्रेसची आतली शिवण त्या गुपचूप उसवत आणि थोडी सैल घालून देत. ड्रेस ढिला झाला की गिऱ्हाईक हुरळून जाई आणि आणखी एक डबी नेई. घरचा वजनकाटा अडूनच बसला, तर काटा हाडंही मोजतो असं बाई बेधडक ठोकून देत.

त्यांची धाकटी बहीण तर गोळ्यांची चालतीबोलती जाहिरात झाली. तिचे सगळे कपडे बाईच शिवत, त्यामुळे ती भराभर बारीक होत होती. एका दुपारी भरल्या दुकानात तिने ऐटीत सांगितलं, की मधुमेहाची औषधं तिने केव्हाच सोडली. झाडपाल्यापुढे चरबी टिकली नाही, तिथे साखरेची काय कथा, असं तिचं म्हणणं. बोलताना ती पेल्यामागून पेले पाणी पीत होती. ही साखर चढल्याची तहान, हे बाईंनी ओळखलं.

त्यांनी तिला आतल्या खोलीत नेऊन खरं सांगितलं. बहिणीने ते उडवून लावलं आणि बाहेर येऊन, ताईला माझं बारीक होणं बघवत नाही, असं सगळ्यांना ऐकवलं.

मग मात्र बाईंनी लाज गुंडाळून ठेवली. दुरुस्तीला आलेला तिचा ड्रेस काउंटरवर उलटा केला, सगळ्यांदेखत जुन्या खुणेवर शिवण मारली आणि तिच्या हातात दिला. पडद्यामागे बराच वेळ झटापट चालली. बहीण बाहेर आली ती पाठीवरची चेन अर्धी उघडी टाकूनच.

"गोळ्या खोट्या आहेत," बाई म्हणाल्या. "सगळ्यांच्याच शिवणी मी उसवल्यात. मला काय हवं ते बोल, पण आधी डॉक्टरकडे चल."

बायका आपापल्या कमरा चाचपू लागल्या. एकीने डबी काउंटरवर आपटली.

"बारीक दिसायला लागले म्हणून हे मला परत चारचौघांत न्यायला लागले होते, ताई," बहीण म्हणाली.

बाईंनी आपली शाल तिच्या उघड्या पाठीवर टाकली आणि तिचा हात धरून, तापलेल्या गिऱ्हाइकांमधून वाट काढत त्या दवाखान्याकडे निघाल्या.