बिडकीनचे काका

कॉलेजातून निवृत्त झाल्यावर मी रविवारी सकाळी लोकांना जुनं शहर पायी फिरून दाखवायला लागले. दहा-पंधरा माणसं येतात. बहुतेक तरुण, फोटो काढणारी. मागच्या हिवाळ्यात त्यांच्यात धोतर नेसलेले, स्वेटर घातलेले एक काका दिसायला लागले. मूळचे जवळच्याच बिडकीन गावचे. शेत कारखान्यांच्या वसाहतीत गेलं, मुलानं शहरात गारखेड्यात फ्लॅट घेतला आणि काका तिसऱ्या मजल्यावर राहायला आले.

पहिल्या दिवशी भडकल दरवाज्याखाली मी निजामशाहीच्या वजिराची, त्यानं मोगलांना हरवल्याची आणि विजयाची खूण म्हणून ही कमान उभारल्याची हकिगत सांगितली. सगळे वर बघत होते. काकांनी विचारलं, "म्याडम, फौजा आल्या-गेल्या, तवा वाटेवरच्या गावांचं काय झालं?"

"पिकं जाळली, एवढं सापडतं, काका."

"व्हय. आन् माणसं?"

"त्यांच्याबद्दल फारसं लिहिलेलं नाही."

"कोण लिहिणार," ते म्हणाले आणि पुढं चालू लागले.

मग ते दर रविवारी यायचे. तेच दरवाजे, तीच माहिती, तरी सगळ्यांच्या मागं राहून ऐकायचे.

एका रविवारी मी बोलत असताना ते भडकलच्या कमानीच्या कडेला टेकले. थंडी असून कपाळावर घाम होता. "पाणी देता का जरा?" म्हणाले. मी पिशवीतून बाटली काढली. गटातल्या एका मुलीनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, कुणीतरी रिक्षा थांबवली. दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं आणि ते गेल्याचं सांगितलं.

त्यांच्या मोबाइलवरून मी मुलाला फोन लावला. तो कंपनीच्या कपड्यांतच धावत आला.

"तुम्ही कोण?"

मी सांगितलं. त्याला पटेना. "इतिहास? बाबा चौथी शिकलेले. रविवारी देवळात जातो म्हणायचे."

थोड्या वेळानं म्हणाला, "कुठं पडले ते दाखवता?"

आम्ही त्याच्या गाडीवरून गेलो. कमानीतून रिक्षा, टेम्पो चालले होते. मी जागा दाखवली. तो तिथं उभा राहिला तर मागून कुणीतरी हॉर्न वाजवला, म्हणून कडेला सरकला.

"शेवटी काय बोलले?"

"पाणी मागितलं."

"मिळालं ना?"

"हो," मी म्हटलं. खरं म्हणजे बाटलीचं झाकण फिरवेपर्यंत त्यांची मान कलली होती.

तो भिंतीकडं तोंड करून रडला. मग डोळे पुसत म्हणाला, "आमच्यात स्वतःच्या शेतातच अग्नी देतात. आजोबांना तिथंच दिला होता. आता तिथं कंपनीचं कुंपण आहे."

संध्याकाळी शहरातल्या स्मशानभूमीत सगळं उरकलं. गावाकडची चार-सहा माणसं आली होती. कुणी विचारलं नाही मी कोण ते, आणि मीही सांगितलं नाही.