बरणीचं बूड

माझा आवाज मोठा आहे आणि राग नाकावर. हे मी कौतुकानं सांगत नाही, पुढचं समजावं म्हणून सांगतेय. आमच्या तीन पिढ्या हैदराबादेत गेल्या, त्यामुळे ऑटोवाल्याशी दक्खनीत, भाजीवालीशी तेलुगूत आणि घरच्यांशी मराठीत, असं मला तिन्ही भाषांत भांडता येतं. नवरा पुण्याचा, नोकरीसाठी इथे आलेला. तो म्हणतो, तू नुसतं "किती वाजले?" विचारलंस तरी समोरच्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं.

दर उन्हाळ्यात मलकपेठला माझी आई दोन लोणची घालते. एक आपलं नेहमीचं, आणि एक आवकाय, म्हणजे मोहरीच्या पुडीचं ते तिखटजाळ तेलुगू लोणचं. या वर्षी तिचे गुडघे फारच धरले म्हणून सगळा कारखाना आमच्या नल्लकुंट्याच्या घरी हलवायचं ठरलं. आंबे पुढच्या रविवारी यायचे होते. चिनी मातीची मोठी बरणी मात्र माझ्याकडे नव्हती.

आई फोनवर म्हणाली, "बरणी वाजवून घे. आणि तुला नाही कळायचं, पोरीला घेऊन जा."

लागलं मला ते. पण खोटं नव्हतं. बरणी बोटाच्या पेरानं वाजवली की चांगली असेल तर ठण्ण वाजते, कुठे बारीक चीर असेल तर बद्द वाजते. आईला ते चुटकीसरशी कळतं. मला आजतागायत सगळ्या बरण्या सारख्याच वाजतात. माझी मुलगी नऊ वर्षांची. गेल्या उन्हाळ्यात ती आजीबरोबर बरणी घ्यायला गेली आणि एका सकाळीत शिकून आली. आधी वाजवायची, मग उचलून बूड बघायचं. घरी आल्यावर आठवडाभर तिनं माझे कप, बशा, देवापुढचं तांब्याचं भांडं, सगळं वाजवून पाहिलं होतं.

तर त्याच्या आधीच्या रविवारी सकाळी आम्ही दोघी गेलो. दुकान बाजाराच्या तोंडाशीच आहे. आत अंधार, आणि बाहेर फूटपाथवर बरण्यांच्या रांगा, वरून तपकिरी, खालून पांढऱ्या. दुकानदार म्हातारे तेलुगू गृहस्थ, शर्टाच्या खिशात चष्मा ठेवणारे. मुलगी रांगेतल्या बरण्या वाजवत पुढे सरकत होती आणि मी पाठ फिरवून भाव करत होते. सहाशेच्या बरणीचे मी साडेचारशे म्हणाले होते. तेवढ्यात मागे आवाज झाला.

वळून पाहिलं तर पोरगी दोन्ही हात तसेच हवेत धरून उभी. पायाशी तुकडे.

मी आधी तिला लागलं नाही ना ते पाहिलं. नव्हतं लागलं. मग माझा पट्टा सुरू झाला, अर्थात दुकानदारावर. माल फूटपाथवर कशाला मांडता? लोकांनी चालायचं कुठून? लहान पोरं येतात तर नीट नको ठेवायला? ते शांतपणे म्हणाले, "गिर गया तो क्या करते अम्मा? छे सौ का माल है." मी म्हटलं, सहाशे कसले, आत्ता तर पाचशेवर आला होतात. चारसहा गिऱ्हाइकं हातातलं सोडून आमच्याकडे बघायला लागली.

तेव्हा मुलगी माझी ओढणी ओढून म्हणाली, "आई, ती आधीच फुटलेली होती. बद्द वाजली. मी बघायला उचलली तर बूड खालीच राहिलं. मग घाबरून सुटली." आणि दुकानदारांना मराठी कळलं नसेल असं वाटून तिनं ते त्यांना हिंदीतही सांगितलं. "अंकल, वो पहलेसेच टूटा था."

शेजारी एक बाई मुरमुऱ्यांसाठी डबे बघत होती. ती हसली आणि तिच्याबरोबरच्या बाईला म्हणाली, "सिखाए सो बोलरी बच्ची."

म्हणजे मी पढवलेलं पोरगी बोलतेय. माझं टाळकंच सटकलं. एवढा वेळ मी दुकानदाराशी भांडत होते, ती गर्रकन पोरीवर उलटले. तिचं म्हणणं मी क्षणभरही ऐकून घेतलं नाही. फुटलं ते फुटलं, पण वर खोटं बोलतेस? हेच शिकवलंय तुला? पैसे तुझ्या साठवणीच्या डब्यातून जातील. सॉरी म्हण त्यांना.

ती काहीतरी पुटपुटली.

"मोठ्यानं. त्यांना ऐकू जाऊ दे."

"सॉरी, अंकल," ती मोठ्यानं म्हणाली. डबेवाल्या बाईनंही ऐकलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? चारचौघांत माझी मान ताठ राहिली, एवढंच मला दिसत होतं. मी सहाशे मोजून दिले, एक रुपया कमी केला नाही. आणि म्हटलं, पैसे दिलेत ना, मग माल माझा, तुकडे बांधून द्या. कुंड्यांच्या तळाशी घालायला खापऱ्या लागतातच. त्यांनी बिचाऱ्यांनी निमूटपणे गोणपाटात बांधून दिले. नवी बरणी न घेताच मी तणतणत घरी आले.

मुलीचा एक बिस्किटांचा डबा आहे. वाढदिवसाचे, भाऊबीजेचे पैसे त्यात टाकते. स्केट्स घ्यायचे म्हणून साठवत होती. मी मागायच्या आत तिनं डबा आणून माझ्यासमोर ठेवला आणि खोलीत निघून गेली.

नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "नऊ वर्षांच्या मुलीकडून कसले पैसे घेतेस? तिला दुकानात कोणी नेलं? तू. मग तू भर."

"फोडलं तिनं. फोडणाऱ्यानं भरायचं. आत्ता नाही शिकली तर कधी शिकणार?"

"बरं. पण ती खोटं बोलतेय हे कशावरून?"

"फुटल्यावर सगळे असंच म्हणतात," मी म्हटलं. त्याच्या प्रश्नाचं हे उत्तर नव्हतंच. मी फक्त मोठ्यानं म्हटलं.

मंगळवारी आम्ही मायलेकी किराणा आणायला मोठ्या दुकानात गेलो. तिथे ही एरवी ढकलगाडी ताब्यात घेते, दर दोन पावलांवर काहीतरी उचलून आणते, "आई हे घेऊया ना." त्या दिवशी दोन्ही हात पाठीमागे बांधून चालत होती. तांदळाचं पाकीट उचल म्हटलं तर म्हणाली, "तूच घे." मला वाटलं, रुसलीय, येईल दोन दिवसांत ठिकाणावर.

गुरुवारी ऑफिसातून लवकर आले आणि गच्चीवरच्या कुंड्या काढून बसले. गोणपाट सोडलं. खापऱ्या बारीक करायला दगड हातात घेतला आणि बरणीचं बूड पुढ्यात आलं, ताटलीसारखं गोल, सबंध. ते उलटं करून ठेवताना कडेकडे लक्ष गेलं. बाकीच्या सगळ्या तुकड्यांच्या कडा पांढऱ्याशुभ्र होत्या, नुकत्या फुटलेल्या. बुडाची कड मात्र अर्ध्याहून जास्त काळी होती. धूळ आत जाऊन बसलेली. बोटानं पुसली, निघाली नाही. ओल्या फडक्यानं घासली, तरी निघाली नाही.

चीर जुनी होती. बरणी बद्दच वाजली असणार. बूड खालीच राहिलं असणार. तिनं जे जे सांगितलं होतं ते सगळं तसंच्या तसं माझ्या हातात होतं. मला माझीच लाज वाटली. नंतर मला दुकानदाराचा राग आला, कारण तो येणं सोपं होतं.

शनिवारी ते बूड पिशवीत घालून पोरीला घेऊन गेले. तिला वाटेत सांगितलं, तुझं खरं होतं. ती "हं" म्हणाली. मी भांडायची पूर्ण तयारी केली होती, तिन्ही भाषांत. दुकानदारांनी खिशातला चष्मा काढून लावला, बूड हातात घेतलं, काळ्या कडेवरून अंगठा फिरवला आणि गल्ला उघडून सहाशे रुपये काढले. "गाडी से उतारते वख्त लगा होगा," म्हणाले. "मेरेकू देखना था." झालं! माझी सगळी तयारी फुकट. मी नोटा मुलीच्या हातात दिल्या. घे, तुझे तुला मिळाले, स्केट्स घे आता.

तिनं नोटा फ्रॉकच्या खिशात घातल्या आणि विचारलं, "आणि माझं सॉरी?"

"कुठलं सॉरी?"

"मी म्हटलेलं. पैसे परत आले. सॉरी कोण परत देणार?"

दुकानदारांना मराठी येत नाही, पण 'सॉरी' कळलं. ते लगेच म्हणाले, "सॉरी पापा, हमारी गलती है." पापा म्हणजे तेलुगूत लहान मुलगी. तिनं त्यांच्याकडे बघून मान हलवली, पण माझ्यावरची नजर काही काढली नाही.

"त्यांना माहीत नव्हतं," ती म्हणाली. "तुला मी सांगितलं होतं."

दुकानात गर्दी होती. लोणच्याचे दिवस, शनिवारची संध्याकाळ, बायका रांगांमधून वाकून वाकून बरण्या बघत होत्या. मी तिच्याजवळ वाकले आणि हळूच म्हटलं, "सॉरी, बाळा."

"मोठ्यानं," ती म्हणाली. रागानं नाही. शाळेत धड्यातलं वाक्य सांगावं तसं. "त्यांना ऐकू जाऊ दे."

मी सरळ उभी राहिले आणि मोठ्यानं म्हटलं. माझा आवाज किती मोठा आहे ते मी सुरुवातीलाच सांगितलंय. दोनतीन बायका वळल्या. एकीनं दुसरीला काय झालं म्हणून विचारलं. माझे कान तापले होते. मग माझ्या लक्षात आलं की तिलाही त्या रविवारी असंच झालं असणार, आणि ती तर बाजारातल्या निम्म्या लोकांच्या कमरेएवढी.

ती म्हणाली, "ओके."

उद्या आंबे येणार होते, बरणी अजून घ्यायचीच होती. मी म्हटलं, चल, वाजव, तुझ्याशिवाय होणार नाही. ती म्हणाली, "तू वाजव." मग मी वाकून पेरानं एकेक बरणी वाजवत गेले. पहिली, दुसरी, तिसरी. मला सगळ्या सारख्याच. तिसरीपाशी थांबून विचारलं, ही घेऊ?

ती कान देऊन ऐकत होती. "नको," म्हणाली, "पुढची वाजव." पुढची वाजवली. "हां, ही चांगली आहे. आता बूड बघ." मी उचलून बूड पाहिलं, तिलाही दाखवलं. तिनं जवळ येऊन, मान तिरकी करून नीट पाहिलं. हात मात्र तिनं पाठीमागेच ठेवले होते.