आत्याबाईंची पपईची पोळी

मी सांगते आणि माझी नात लिहून घेते. ती शिकलेली आहे, म्हणून माझं 'मले' ती 'मला' करते आणि 'कावून'चं 'का' करते. मी तिला म्हटलं, माझ्या सांगण्याचं काय वाटेल ते कर, पण आत्याबाईंच्या तोंडचं अक्षर बदलायचं नाही. त्या असत्या तर त्यांनी तुझी दौत उलटी केली असती.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. मी अमरावतीकडच्या माहेराहून अकोल्याला नांदायला आले तेव्हा पंधरा वर्षांची होते. सासर माळ्याचं. मोर्णेच्या काठाला मळा. बापाने सांगितलं होतं, वांगी, पेरू, केळी, शेवंती, सगळं आहे त्यांच्याकडे, तुझे हात रिकामे राहायचे नाहीत. मी येऊन पाहते तर मळ्यात इकडून तिकडे नुसता कापूस. सातासमुद्रापलीकडे कुठेतरी दोन गोऱ्या फौजा आपसात लढत होत्या, तिकडचा कापूस अडकला होता आणि म्हणून वऱ्हाडात जो तो कापूस पेरत सुटला होता. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, पेरू तोडले, केळी उपटली, शेवंतीच्या वाफ्यांवर नांगर फिरवला. विहिरीच्या पाटाला लागून पपईची नऊ झाडं होती, तेवढी राहिली. ती राहिली, कारण आत्याबाई झाडाखाली पाय पसरून बसल्या आणि म्हणाल्या, "आता चालवा नांगर."

आत्याबाईंना आणखी एक दुःख होतं. इतकी वर्षं त्या रोज सकाळी टोपली घेऊन बाजारात भाजी विकायला बसत. कापसाचा पैसा आल्यावर मामाजींनी ते बंद केलं. आता आपल्या घरच्या बाईने बाजारात बसणं शोभत नाही म्हणाले. घरात बसून आत्याबाईंचा गळा कोंडला होता. जो आवाज सगळ्या बाजारात पुरायचा, तो आता माझ्या आणि माझ्या थोरल्या जावेच्या वाट्याला आला. जावेला मी बाई म्हणायची. ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी आणि हसण्याच्या बाबतीत चार वर्षांनी लहान.

पौष-माघात पपया पिकल्या की आत्याबाई पोळी घालायच्या. पोळी म्हणजे पपईचा गर शिजवून, थापून, उन्हात वाळवलेली जाड चकती. नीट केली तर ती पावसाळाभर टिकायची. पिकलेली पपई सोलून उभी चिरायची, करवंटीच्या पळीने बिया काढायच्या, मग आतला पांढरा पापुद्रा खरवडायचा. तो राहिला की पोळी कडू होते. गर हाताने कुस्करून जाड्याभरड्या फडक्यातून दाबून काढायचा, कल्हईच्या कढईत गूळ घालून मंद आचेवर घोटायचा, कडा सुटायला लागल्या की लिंबू पिळायचं, तूप लावलेल्या ताटांवर पसरायचा आणि धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर, ठेवायचा. तीन दिवस ऊन, रोज एकदा उलटवणं. चौथ्या दिवशी गुंडाळी करून मडक्यात.

बियांच्या बाबतीत आत्याबाईंचा कायदा होता. पोळीत बी निघालं, तर ज्या सुनेच्या हातचं असेल तिने ते सगळ्यांसमोर चावून खायचं. गिळायचं नाही, चावायचं. पहिल्याच पोळीत माझं एक निघालं. फडक्याला भोक होतं, पण फडक्याला कोण शिक्षा करणार?

"चाव."

मी चावलं. आधी काही नाही, मग मोहरी फोडल्यासारखी झणझण नाकात गेली आणि मागून एक कडवट चव जिभेला चिकटली, ती दुपारपर्यंत काही हलेना. बाई पदर तोंडात कोंबून हसत होती. दुसऱ्या दिवशी तिचं निघालं. मग मी हसले. त्या महिन्यात आम्ही दोघींनी मिळून इतक्या बिया चावल्या की डोळे बांधून तोंडात टाकलं असतं तरी पपईचं बी ओळखलं असतं.

धाब्यावर जागेची मारामारी होती. तिथे मामाजींचा कापूस ऊन खात पडलेला असे, आणि त्याचे तंतू उडून पोळीवर बसत. पोळीला मिशा फुटल्यासारख्या दिसत. आत्याबाईंनी पोळ्यांवर झाकायला पातळ कापड शोधलं. घरात सगळ्यात पातळ कापड म्हणजे मामाजींनी हौसेने आणलेलं नवं नागपुरी धोतर. ते दोन दिवस पोळ्यांवर होतं. तिसऱ्या दिवशी मामाजी तेच नेसून चावडीवर गेले आणि पाठीमागे ताटाएवढा केशरी गोल घेऊन गावभर फिरले. घरी आल्यावर म्हणाले, "आज लोक मले मागून पाहून राह्यले होते. धोतर नजरेत भरलं वाटते."

आत्याबाई म्हणाल्या, "भरनच. किनार सुंदर हाय."

बियांचं काय करायचं, तर त्या उकिरड्यावर पुरायच्या. घरात राहिल्या की पोळीत येतात, असं आत्याबाईंचं मत. पण एके दुपारी, त्या निजल्या असताना, बाळापूरकडून झाडपाला आणि मुळ्या विकणारा एक म्हातारा दाराशी आला. आम्ही अंगणात पपया चिरत होतो. त्याने बियांची परात पाहिली आणि डोळे बारीक केले.

"बाई, ह्या बिया मले द्या. राख लावून चोळा, धुवा, वाळवा. जंतावर लय चांगलं औषध."

"आणि आमाले काय?" बाईने विचारलं.

त्याने झोळीतून एक आरसा काढला, तळहाताएवढा, पत्र्याच्या चौकटीचा. आम्हा दोघींना आपलं तोंड विहिरीच्या पाण्यात पाहायची सवय. तिथे आपण कधी स्थिर नसतो. मी आरशात पाहिलं आणि मला कळलं की माझी एक भुवई दुसरीपेक्षा वर आहे. सौदा ठरला. महिनाभर आम्ही बिया राखेने चोळून, धुऊन, गोठ्याच्या पाठीमागे सुपात वाळवल्या. वाळल्यावर त्या आकसून काळ्या, सुरकुतलेल्या, गोल झाल्या. म्हाताऱ्याने पुरती एक थैली भरून नेली. आरसा आम्ही दळणाच्या कोठीमागे लपवला.

पुढे फाल्गुनात मामाजींकडे कापसाचा दलाल येणार म्हणून निरोप आला. मामाजींच्या अंगात वारं भरलं. ते स्वतः बाजारात गेले आणि किराणेवाल्याकडून भलीमोठी पुरचुंडी घेऊन आले.

"मिरी हाय," ते म्हणाले. "अस्सल. पाहुण्याले लाल मिरचीचं नोको काही. मिरची कोणीही खाते. मिऱ्याची कढी करा, भातात मिरी घाला. त्याले कळलं पाह्यजे कोनाच्या घरी जेवून राह्यला तो."

आत्याबाई पुरणाला बसल्या होत्या, म्हणून पुरचुंडी माझ्याकडे आली. मी मिरी खलबत्त्यात घातली. मिरी कुटताना एक बाहेर उडालंच. मी ते उचललं आणि, खरं सांगते, हावरटपणाने तोंडात टाकलं, कारण माहेरी मिरी फक्त खोकला झाला की मिळायची.

मोहरीसारखी झणझण. मग कडवट.

मी बत्ता हातात धरून तशीच बसले. बाईला खूण केली. तिने एक उचललं, चावलं, आणि तिचेही डोळे माझ्यासारखेच मोठे झाले.

"व माय," ती कुजबुजली. "हे तर आपलंच हाय."

पुरचुंडीत हात घालून पाहिलं. मधूनमधून खरी मिरी होती, टणक, जड. पण बाकी सगळं आमचं. म्हाताऱ्याने औषध म्हणून नेलेलं बाजारात जाऊन मिरी झालं होतं आणि मामाजी ते छाती काढून घरी घेऊन आले होते.

आता काय करायचं? सांगावं तर आरशाची गोष्ट निघणार. न सांगावं तर पाहुणा बिया खाणार. दारात गाडीच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज आला आणि प्रश्न सुटला. मी डोळे मिटून कुटलं आणि बाईने डोळे मिटून कढीत घातलं.

दलाल चांगला गोल, घाम पुसणारा माणूस होता. त्याने पहिला भुरका मारला. आम्ही दोघी चुलीमागून पाहत होतो. तो थांबला. डोळ्यांत पाणी आलं. मग म्हणाला, "वा! ही मिरी साधी नाही. मलबारची आहे का?"

मामाजी म्हणाले, "आमी दुसरी वापरतच नाही."

बाईने माझ्या दंडाला इतक्या जोरात चिमटा काढला की तो आठवडाभर निळा राहिला. दलालाने तीन वाट्या कढी प्यायली. मामाजींनी त्याच्या बरोबरीने तीन प्यायल्या. जेवणावर पपईची पोळी वाढली तेव्हा दलालाने हळूहळू, कडेपासून मध्यापर्यंत, सगळी चकती खाल्ली. "हे कोणी केलं?" त्याने विचारलं. मामाजींना मिऱ्यांबद्दल आणखी बोलायचं होतं, म्हणून त्यांनी ते ऐकलंच नाही. पण आत्याबाईंनी ऐकलं.

पाहुणा गेल्यावर आम्ही बायका जेवायला बसलो. आत्याबाईंनी भाताचा पहिला घास घेतला, कढी ओतली, दुसरा घेतला आणि हात थांबला. त्यांनी कढीच्या वाटीत पाहिलं. मग माझ्याकडे. मग बाईकडे. बाईने हसू दाबायला पाणी तोंडात घेतलं आणि ते नाकातून आलं.

"हं," आत्याबाई म्हणाल्या. "सांगा आता."

आम्ही सगळं सांगितलं. म्हातारा, राख, सूप, थैली. आरसाही आणून त्यांच्या पुढ्यात ठेवला. मला वाटलं आता माहेरी पाठवतात. त्यांनी आरसा उचलला, पदराने पुसला आणि आपलं तोंड बराच वेळ पाहिलं. हनुवटी वर केली, खाली केली.

"बह्याड पोट्ट्या," त्या म्हणाल्या. "थैलीभर बियांले एवढुसा आरसा? मोठा नाही मागता आला?"

मग पुरचुंडी काखोटीला मारून उठल्या. "चला दोघी. लोटा भरून घ्या."

अशी आमची वरात भर दुपारी बाजारात गेली. किराणेवाला त्यांना ओळखत होता. इतकी वर्षं त्याच्याच दुकानासमोर त्या भाजी विकायला बसत. आत्याबाईंनी लोटा त्याच्या पायरीवर ठेवला आणि मूठभर मिरी पाण्यात टाकली. चार-पाच तळाला गेली. बाकीची तरंगत राहिली, हिंडत राहिली, लोकांना दिसत राहिली. आणि आत्याबाईंनी कित्येक महिन्यांनी आपला आवाज मोकळा सोडला, की हा मिरीच्या भावात पपईच्या बिया विकतो. समोरच्या कासाराने हातातली घागर खाली ठेवली. एक गाडीवान बैलासकट थांबला.

"बाई, मला काय ठाऊक?" किराणेवाला रडकुंडीला आला. "एका म्हाताऱ्याने आणून दिली. सुकवलेली, धुतलेली, एक खडा नाही हो त्यात! इतकं नीट कोणी खोटं करतं का?"

आता आमच्या कामाची अशी तारीफ पहिल्यांदाच होत होती. बाईची मान आपोआप ताठ झाली.

"पण बिया आहेत कोणाच्या घरच्या?" गर्दीतून कोणीतरी विचारलं.

आत्याबाई जराही अडखळल्या नाहीत. "असतीन कोनाच्या घरच्या. सुना मोकाट सुटल्या की काहीही होते." आणि आमच्याकडे न पाहता खरी मिरी मोजून घेतली, पाण्यात टाकून तपासून घेतली.

मामाजींना कोणी काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी ते सकाळपासून चार वेळा नदीकडे जाऊन आले आणि संध्याकाळी म्हणाले, "पोट कसं हलकं झालं. मलबारची मिरी लय गुणाची."

पण आत्याबाईंच्या मनात त्या दुपारी काहीतरी हललं होतं. बाजारातून परत येताना त्या हळू चालत होत्या, आपल्या जुन्या जागेकडे वळून पाहत होत्या. तिथे एक अनोळखी बाई सुकलेली मेथी घेऊन बसली होती. "मेथीले पाणी तरी मारावं," त्या म्हणाल्या.

चैत्रात त्या रिद्धपूरच्या यात्रेला गेल्या तेव्हा गाठोड्यात पोळ्यांची दोन मडकी होती. आल्या तेव्हा मडकी रिकामी होती आणि वाटेतल्या बायकांचे निरोप भरून आणले होते. कोणाच्या लेकीला डोहाळे, कोणाच्या जावयाला हवी, कोणी नुसतीच चवीला मागितली. त्या कोणालाही न विचारता टोपली घेऊन बाजारात गेल्या आणि मेथीवाल्या बाईला थोडं सरकायला सांगितलं. मामाजी दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी दलाल पुन्हा अकोल्यात आला, मामाजींकडे न येता सरळ टोपलीपाशी गेला आणि उभ्याउभ्या पोळी मागितली. ते पाहून मामाजींना काय शोभतं आणि काय शोभत नाही, याचा पुन्हा विचार करावा लागला.

पुढे ती लांबची लढाई थांबली. भाव उतरले, कापूस पहिल्यासारखा कापूस झाला. ज्या गाड्या आमच्या दारासमोर ओळीने उभ्या असायच्या त्या हळूहळू दिसेनाशा झाल्या. मामाजी एके सकाळी कुदळ घेऊन विहिरीच्या पाटाशी उभे राहिले आणि आत्याबाईंना म्हणाले, "पपई अजून कुठं लावू?"

त्यांनी हाताने दाखवलं. मग आणखी पुढे दाखवलं. मग कापसाच्या रानातच बोट नेलं.

त्या उन्हाळ्यात मामाजींनी गाडीच्या बैलांची एक जोडी विकली आणि दोन मोठ्या कढया घेतल्या. त्यांना कल्हई लावून आणायला मीच गेले होते.