मधल्या थरातली भुकटी

फाटलेल्या खोक्याच्या कडेवरून बोट फिरवलं की पिवळसर भुकटी लागते. ती लाकडाची. आमच्या पुठ्ठ्याच्या कारखान्यात ती मधल्या थरात घालतात. लगदा वाचतो, पुठ्ठा फुगतो, गिऱ्हाईक दोन बोटांत दाबून खूश होतं. ताकद तेवढी फुगत नाही. या भुकटीचा मला मनापासून संताप येतो, आणि ती किती घालायची हे इतकी वर्षं मीच ठरवतो.

लेकीच्या पहिल्या संक्रांतीला तिच्या सासरी तिळाचे लाडू घेऊन गेलो. "खोकं आमच्याच पुठ्ठ्याचं बरं का," ही फुशारकी मी चपला काढतानाच मारली. उंबरठ्यावर तळ सुटला. लाडू घरंगळत विहीणबाईंच्या पायांशी गेले.

"बाहेरून तर भक्कम वाटत होतं हो," त्या म्हणाल्या.

लेकीने मान खाली घातली. नव्या घरात बापाचं कौतुक सांगून झालं होतं तिचं. खाली बसून ती एकेक लाडू वेचत राहिली.

परतताना मी भुकटीला शिव्या घातल्या. बायको म्हणाली, "तिला कशाला? खालून सुतळी बांधा म्हटलं, तर हसलात मला."

दुसऱ्या दिवशी कारखान्यात नवं गिऱ्हाईक आलं. त्याने पुठ्ठा चिमटीत दाबला आणि माझ्याकडे पाहिलं. "चांगला जाड आहे. टिकेल ना?"

लेकीची खाली गेलेली मान डोळ्यांपुढे आली. तरी मी आपली मान डोलावली, आणि भुकटी लागलेली बोटं खिशातल्या खिशात पुसली.