पन्हाळ्याच्या चढासाठी स्प्रिंगा

त्या आठवड्यात माझा जीव थाऱ्यावर नव्हता. महाराजांच्या कारकिर्दीत कोल्हापुरात मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या. त्यातली एक आमच्या इनामदारांची. ती मी चालवायचो आणि दुरुस्तही करायचो. माझे वडील त्यांचीच बग्गी हाकायचे. इनामदारांना मात्र आता एकच वाहन पोसायचं होतं. त्यांनी सरळ सांगून टाकलं, मोटार न थांबता पन्हाळा चढली तर घोड्यांची जोडी विकायची, थांबली तर मोटार. जोडीसाठी नेसरीचं एक गिऱ्हाईक येऊनही गेलं होतं.

मोटार चढावर अडायची ती इंजिनातल्या झडपांमुळे, व्हॉल्व्हमुळे. इंजिनानं जोर धरला की थकलेल्या स्प्रिंगा व्हॉल्व्ह वेळेवर मिटवत नसत. मग इंजिन खोकायचं आणि दम सोडायचं. जळके व्हॉल्व्ह मी बदलले, नवे घासून नीट बसवले. मुंबईहून स्प्रिंगा आल्या त्या दोन तऱ्हेच्या, जाड तारेच्या आणि बारीक तारेच्या.

इनामदार तरुणपणी तालमीत घुमलेले. त्यांनी दोन्ही स्प्रिंगा मुठीत दाबून पाहिल्या. बारीक दबली, जाड हलेना.

"हीच बसीव. ढिला गडी काय कामाचा?"

आमच्या गावात मनगटाला पटलं की डोक्याला विचारायची पद्धत नाही.

बारीक असली तरी नव्या स्प्रिंगेचा जोर व्हॉल्व्ह मिटवायला पुरेसा होता; जाड स्प्रिंग व्हॉल्व्हला इतक्या जोरानं आपटणार की त्याची मान तुटणार, हे मला दिसत होतं. कदाचित घाटातच. म्हणजे मी फक्त हुकूम पाळायचा. घोडे वाचले असते आणि दोष मालकाच्या मुठीला गेला असता. हा विचार मला गोड वाटला, आणि गोड वाटला याचीच चीड आली. दोन्ही स्प्रिंगा खिशात घालून मी दिवसभर तबेल्यापासून मोटारीपर्यंत येरझाऱ्या घालत होतो.

शेवटी वडिलांना सगळं सांगितलं. ते घोड्याला खरारा करत होते. हात थांबला नाही.

"तुला कंची पटत्या?"

"बारीक."

"मग इचारतोस कशाला?"

"आबा, घोडी जातील की."

"जातील. म्हणून मोटारीला लंगडी करतोस व्हय? ती तुझ्या हाताखाली हाय न्हवं?"

मला त्यांचा रागच आला. बारीक बसवण्यापासून त्यांनी मला अडवावं म्हणून तर मी गेलो होतो.

इनामदारांना मी स्पष्ट सांगितलं, जाड स्प्रिंग व्हॉल्व्ह मोडेल, मी बारीकच बसवणार. ते म्हणाले, "बसीव. पर थांबली तर मोटारीसंगं तूबी चालता हो."

चढाच्या दिवशी वडिलांना मागं बसवलं होतं, मांडीवर मोठा दगड देऊन. मोटार थांबलीच तर उडी मारून तो चाकामागं सारायचा, म्हणजे ती मागं घरंगळणार नाही. घाट लागला. माझे कान इंजिनाकडे. प्रत्येक वळणावर वाटे, आता खोकेल. एका वळणावर तर खोकावं असंही वाटलं. खोकलं नाही.

गडावर पोचलो. इनामदार हसत उतरले आणि नेसरीला निरोप धाडा म्हणाले. मी मागं वळून पाहिलं. वडील बसूनच होते. दगड दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला.

"आबा, ठेवा की आता खाली."

"असू दे," ते म्हणाले, "उतारावर लागंल."