ईराची टीम आणि बाकांवरचे आम्ही

चार आई-बाप हिवाळाभर एकाच बाकावर बसले की किस्से होतातच, त्यासाठी कुणी विनोदी असावं लागत नाही. आमची ईरा इथे अमेरिकेत, अल्फारेटातल्या एका हायस्कूलमध्ये बास्केटबॉल खेळायची. त्यामुळे हिवाळ्यातल्या आमच्या निम्म्या संध्याकाळी शाळेच्या जिममध्ये जायच्या. पुण्याहून बहीण विचारते, "तिथे तुमचं मंडळ वगैरे आहे की नाही?" मी म्हणते, आहे ना, आमच्या मंडळाला स्कोअरबोर्डसुद्धा आहे.

सुरुवात माझ्यापासूनच करते. ईराची पहिली मॅच दुसऱ्या गावच्या शाळेत होती. ऑफिसमधून निघायला उशीर, हायवेला ट्रॅफिक. मी धावतपळत आत शिरले आणि दिसली त्या रिकाम्या जागी बसले. शेजारच्या बाईंनी लगेच पॉपकॉर्न पुढे केलं. आजूबाजूचे टाळ्या वाजवत होते, म्हणून मीही वाजवत होते. अर्धा खेळ झाल्यावर बाईंनी विचारलं, "हनी, यातली तुझी कोणती?"

मी निळ्या जर्सीतली ईरा दाखवली. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, आमच्या अख्ख्या रांगेने लाल शर्ट घातले होते.

मी उठायला लागले तर त्यांनी हात धरून खाली बसवलं. म्हणाल्या, "बस गं. इतका वेळ माझ्या पोरीसाठी टाळ्या वाजवल्यास, आता मी तुझ्या पोरीसाठी वाजवते." आणि नाव विचारून घेऊन खरंच वाजवल्या.

परतताना गाडीत ईरा म्हणाली, "आई, त्या रेड टीमची मॉम माझं नाव का ओरडत होती?"

* * *

घरच्या मॅचला खाण्यापिण्याचा स्टॉल पालकांनीच चालवायचा असतो. स्टॉल जिमच्या बाहेर, भिंतीपलीकडे. ज्याची पाळी असते त्याला खेळ फक्त ऐकू येतो. महेशची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, पाळी होती आणि नेमकी त्याच दिवशी ईराने आयुष्यातली पहिली बास्केट केली. महेश नाचोजवर चीज ओतत होता. आत एकदम गलका झाला, एवढंच त्याला कळलं.

तेवढ्यात मिस्टर वॉल्टर खिडकीपाशी आले. हे ऐंशीच्या घरातले गृहस्थ. त्यांची मुलं याच शाळेत शिकून कधीच लांब निघून गेली, तरी ते एकही मॅच चुकवत नाहीत. त्यांनी काही विकत घेतलं नाही. एक कागदी कप उचलला आणि ती बास्केट सुरुवातीपासून करून दाखवली. ईराला पास कुठून आला, ती कशी वळली, समोरच्या मुलीला कसं चकवलं. मागे रांग लागली होती, पण कुणी कुरकुरलं नाही. रांगेतल्या एकाने तर सुधारणा केली, "वॉल्टर, डाव्या हाताने टाकला तिने."

मग मिस्टर वॉल्टरनी परत पहिल्यापासून, डाव्या हाताने.

ती बास्केट महेश अजून पाहुण्यांना रंगवून सांगतो. एकदा ईरासमोरच सुरू झाला. ती सगळं ऐकून म्हणाली, "बाबा, यू वर नॉट इव्हन देअर."

"त्याने काय होतं?" महेश म्हणाला. "मला दिसली होती."

* * *

आमच्यातले गजभिये नागपूरचे. बोलणं मोजकं. शाळेला मॅचचं घड्याळ चालवायला माणूस हवा होता, ते जाऊन बसले. त्यांची मैत्रेयी ईराच्याच टीममध्ये.

शेजारच्या शाळेबरोबर मॅच होती आणि आम्ही एका पॉइंटने मागे. शेवटच्या क्षणी मैत्रेयीने लांबून बॉल फेकला, वेळ संपल्याचा बझर वाजला, बॉल जाळीत. सगळं जिम उभं राहिलं. रेफरीची मात्र खात्री होईना. तो टेबलापाशी आला आणि त्याने गजभियेंना विचारलं, "सर, बॉल हातातून सुटला तो बझरच्या आधी की नंतर?"

गजभियेंनी एकदा मुलीकडे पाहिलं. मग म्हणाले, "नंतर. बझर वाजला तेव्हा बॉल तिच्या हातात होता."

बास्केट रद्द झाली. आम्ही हरलो.

त्यांची गाडी सर्व्हिसिंगला दिली होती, म्हणून दोघं आमच्याच गाडीत. मागच्या सीटवर एका खिडकीशी बाप, दुसऱ्या खिडकीशी मुलगी, मध्ये ईरा. बऱ्याच वेळाने मैत्रेयीने विचारलं, "बाबा, रिअली लेट होता?"

"हो."

"किती?"

"थोडासाच."

मग ती म्हणाली, "कोच पण म्हणते, माझा हात स्लो आहे." आणि थोड्या वेळाने, "मला भूक लागली."

महेशने कुणाला न विचारता समोर दिसलेल्या पिझ्झावाल्याकडे गाडी वळवली.

* * *

माझे वडील अमरावतीहून हिवाळ्यात आले होते. त्यांना ईराच्या खेळातलं फारसं कळलं नाही, पण एक गोष्ट फार आवडली. खेळताना कुणी पडून दुखावलं, की दोन्ही टीमच्या मुली जिथल्या तिथे एका गुडघ्यावर बसतात. पडलेली मुलगी उठली की सगळे टाळ्या वाजवतात. ईराने सांगितलं, "आजोबा, रिस्पेक्ट म्हणून."

पुढच्या मॅचला, मधल्या सुट्टीत, ते चहाचा कप घेऊन बाकांच्या पायऱ्या उतरत होते. एक पायरी चुकली आणि ते धपकन खाली बसले. मुली वॉर्म-अप करत होत्या. आधी एक गुडघ्यावर बसली, मग दुसरी, मग दोन्ही टीम. जिममध्ये चिडीचूप. मी पोचेपर्यंत मिस्टर वॉल्टरनी त्यांना हात देऊन उठवलं होतं. टाळ्यांचा कडकडाट झाला. बाबांनी चारी दिशांना नमस्कार केला.

फोनवर आईने काळजीने विचारलं, "फार लागलं का हो?"

"लागलं कसलं," बाबा म्हणाले. "पण पडावं तर इथे."

* * *

शाळेच्या शेवटच्या वर्षी ईराचा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, सीझन संपला. तरी ती पायाला पट्टा बांधून प्रत्येक मॅचला बेंचवर बसायची. घरी मात्र बास्केटबॉलचा विषय काढू द्यायची नाही.

शेवटच्या घरच्या मॅचला निरोप घेणाऱ्या मुलींचं कौतुक असतं. दोन्ही कोचनी आपसांत ठरवलं की खेळ सुरू होताच ईराने पाहुण्यांच्या बास्केटखाली उभं राहून एक बास्केट करायची, कुणी अडवायचं नाही. मग पाहुण्यांनीही तशीच एक करायची, म्हणजे बरोबरी. त्यानंतर ईरा बाहेर आणि खरी मॅच सुरू.

ईरा हळूहळू चालत गेली. तिने बॉल टाकला आणि तो रिंगला लागून बाहेर आला. पायात जोरच नव्हता. पाहुण्यांच्या उंच मुलीने तो पकडला आणि ईराच्या हातात दिला. दुसऱ्यांदाही गेला नाही. महेशने माझा हात घट्ट धरला होता. त्या मुलीने पुन्हा बॉल आणून दिला आणि हळूच काहीतरी म्हणाली. ईरा हसली. या वेळी बॉल जाळीतून खाली आला, आणि पलीकडच्या बाकांवरचे लोकसुद्धा उभे राहिले.

आता पाहुण्यांची पाळी. बॉल त्याच उंच मुलीकडे आला. आमच्या मुली बाजूला झाल्या. ती सावकाश आमच्या बास्केटपर्यंत गेली, नीट उभी राहिली, नेम धरला आणि बॉल थेट बोर्डावरून मागच्या भिंतीवर फेकला.

परतताना ती तिच्या कोचसमोरून गेली. कोच म्हणाल्या, "गुड शॉट."