खोडलेले श्वास

रफूताईचं खरं नाव आमच्या इमारतीत कुणी घेत नाही. ती रफू करते, एवढं सगळ्यांना पुरतं. कोटाला सिगारेटने भोक पडलं, शाल खिळ्याला अडकून फाटली, की तिच्याकडे जायचं. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून ती धागे काढते आणि भोकावर एकेक विणत जाते. काम झालं की गिऱ्हाइकाला म्हणते, सांगा, कुठे फाटलं होतं? गिऱ्हाईक कापड उजेडात धरून शोधत बसतं. ती दुसरी कुठलीच फुशारकी मारत नाही.

ती शेहेचाळीस वर्षांची, मी चोवीस. साहित्य शिकले आणि छापखान्यात मुद्रितं तपासायला लागले. माझी खोली तिच्या खोलीच्या बरोबर वर. ओळख झाली ती फरशीतून येणाऱ्या आवाजामुळे. संध्याकाळी सहा वाजले की खाली दोन क्लॅरिनेट एकदम वाजायची. एक तिचं, एक तिच्या मामांचं.

मामांनी उमेदीची वर्षं नाटकांच्या वाद्यवृंदात काढली होती. म्हातारपणी भाचीकडे राहायला आले आणि रिकामं बसवेना म्हणून तिला शिकवू लागले. अकरा वर्षं शिकवलं. त्यांनी हाताने उतरवलेली स्वरांची एक वही आणि तिच्यासमोर दोन खुर्च्या. जीभ तिखट होती. हिच्यामुळे या इमारतीतली भाडी उतरणार, असं ते मला जिन्यात सांगायचे, तिला ऐकू जाईल अशा बेताने. शेवटची चार वर्षं फुप्फुसांनी साथ सोडली होती. तरी वाजवायचे. गेल्या थंडीत गेले.

त्यानंतर आठ महिने खालून सूर आला नाही. सहाच्या सुमाराला मी चहाचा कप हातात घेऊन उगाच फरशीकडे बघत राहायचे.

मग एके दिवशी ती वही घेऊन वर आली. नवीन शिक्षिका सापडली होती.

"माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान आहे," ती म्हणाली. "या वयात कान पिळून घ्यायचा तर निदान पिळणारा हात तरणा असावा."

शिक्षिका मोठ्या माणसांपैकी फक्त दोघांनाच शिकवायची. एक जागा रिकामी झाली होती. गुरुवारी चार वाजता ऐकणार होती आणि मग ठरवणार होती. अट एकच. कोऱ्या पानांवरून वाजवायचं, आधीच्या गुरूच्या खुणा नकोत.

रफूताईला ती जागा हवी होती. एकटी वाजवायला बसले की बाजूची खुर्चीच दिसते, असं म्हणाली. दोन सुरांपुढे जाता येत नाही. समोर कुणीतरी जिवंत माणूस बसलं पाहिजे. नाहीतर वाद्य विकून टाकायचं तिने ठरवलं होतं.

छापखान्यातल्या मशीनवर वहीच्या स्वच्छ प्रती काढून आण, एवढंच तिने मला सांगितलं.

वहीभर पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या. तशाच प्रती काढल्या तर त्या स्वच्छ कशा होणार? छपाईला जाणारी पानं मी रोज स्वच्छ करते, तेच केलं. रबर घेतलं आणि खुणा खोडल्या. जेवणाच्या तीन सुट्ट्या गेल्या.

खूण म्हणजे इथे श्वास घ्यायचा, एवढं मला ठाऊक होतं. पानांवर तारखा होत्या. सुरुवातीला दोन ओळींमागे एक खूण होती. पुढे ओळीमागे एक. शेवटी शेवटी चार सुरांमागे, मध्येच, कुठेही. शेवटच्या पानावर तर दुसऱ्या ओळीतच खुणा संपल्या होत्या. पुढचं शिकायचं राहिलं असेल, असं मला वाटलं.

त्या पानावर येईपर्यंत मला कळलं होतं की मामांचा दम कुठे कुठे संपला ते मी पुसत होते. तरी ते पानही मी पुसलं. का, ते आजही सांगता येत नाही. हात थांबला नाही.

वही आणि प्रती मी तिच्या पुढ्यात ठेवल्या. प्रती तिने बाजूला सारल्या आणि वही उघडली. एका पानावरून बोट फिरवलं. मग दुसऱ्या.

"मामांच्या खुणा होत्या..." मी म्हटलं.

"मामाच्या नाहीत. माझ्या."

मग तिने सांगितलं. मामांचा दम संपायचा, ते थांबायचे आणि ही पुढे निघून जायची. मग त्यांचा चेहरा उतरायचा. म्हणून ते थांबतील तिथे तीही थांबू लागली. दुसऱ्या दिवशी चुकू नये म्हणून खूण करून ठेवायची. पुढे पुढे मामांना वाटायला लागलं, की तिथे श्वासच घ्यायचा असतो. दोघांचा एकदम.

तिने पान उजेडात धरलं.

"रबर कुठलं वापरलंस?" ती म्हणाली. "कुठे होतं ते कळतसुद्धा नाही."

त्या आठवड्यात ती तयारीला लागली. वाद्याच्या सांध्यांना वंगण लावलं. तोंडात धरायच्या वेताच्या पट्ट्या पेल्यात भिजत घातल्या, उजेडात तपासल्या, दोन टाकून दिल्या. सहा वाजता खालून सूर आला. कोऱ्या पानांवरून ती वाजवत होती आणि मी पुसलेली प्रत्येक खूण जिथल्या तिथे येत होती. चार सूर, श्वास. तीन सूर, श्वास. रफूताई श्वास घेते तेव्हा आवाज होत नाही. मला आवाज ऐकू येत होता. घोगरा, किंचित शिट्टी वाजवणारा. मी खाली गेले. दार उघडं होतं. ती एकटीच होती. खुर्च्या दोन मांडलेल्या होत्या.

गुरुवारी मी तिच्याबरोबर गेले आणि दाराबाहेरच्या बाकावर बसले. तिने वाजवलं. वाद्य एकदा किंचाळलं, पण सावरलं. संपल्यावर शिक्षिकेने विचारलं, दम्याचा त्रास आहे का? नाही, रफूताई म्हणाली. मग या चार ओळी न थांबता वाजवा, शिक्षिका म्हणाली.

बराच वेळ आतून काही आलं नाही. मग चार ओळी आल्या. सलग, एका दमात. इतकी वर्षं फरशीतून ऐकलेली ती चाल मी पहिल्यांदा अखंड ऐकली. मी बाकावरून कधी उठले, कळलं नाही.

शिक्षिका म्हणाली, येत्या गुरुवारपासून या. पण ते मधले श्वास इथे चालायचे नाहीत. आधी ते काढून टाकू.

परत आल्यावर रफूताई दाराशी किल्ली हातात धरून थांबली.

"सहज निघालं गं," ती म्हणाली. "एका दमात. काही जड गेलं नाही."

चोरी कबूल करावी तसा आवाज होता.

"सात दिवस आहेत," ती म्हणाली. "रोज सहाला खाली ये. पेन्सिल आण."

रोज सहाला ती वाजवायची आणि मी वही मांडीवर घेऊन बसायचे. ती थांबेल तिथे खूण करायची. बाजूच्या खुर्चीवर बस, असं ती म्हणाली नाही. मी जमिनीवर बसले. जुन्या खुणांचे वळ दिसत नव्हते, पण कागदावर राहिले होते. पेन्सिल आपोआप त्यांत उतरायची. एकही श्वास इकडचा तिकडे झाला नाही.

बुधवारी शेवटचं पान आलं. पहिली ओळ झाली. दुसऱ्या ओळीत तीन सुरांनंतर ती थांबली. क्लॅरिनेट ओठांशीच होतं. मी पेन्सिल टेकवली.

तिने मान हलवली.

"इथे नको. इथे त्याने श्वास घेतलाच नाही."

गुरुवारी ती कोऱ्या प्रती घेऊन एकटी गेली. तिची खोली बंद होती, खालून सूर येणार नव्हता, तरी सहा वाजून जाईपर्यंत मी कामाला हात लावला नाही. वही तिने माझ्याकडे ठेवायला दिली आहे. त्या पानाच्या दुसऱ्या ओळीत माझ्या पेन्सिलीचा एक ठिपका उमटला आहे. तो मी खोडलेला नाही.